बहात्तराव्या वर्षी तीन तासांच्या आत

चाळिशी ओलांडली की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "आता आपलं काय राहिलंय?" गुडघे कुरकुरायला लागतात आणि आपण स्वतःकडे बघणंच सोडून देतो. म्हणून आज आम्ही तुम्हाला कॅनडातल्या एका खाण अभियंत्याबद्दल सांगणार आहोत. त्यांचं नाव एड व्हिटलॉक.

त्यांचा जन्म १९३१ सालचा, लंडनचा. शिकत असताना ते चांगले धावायचे. पुढे नोकरीसाठी कॅनडाला गेले आणि धावणं सुटलं. पुन्हा सुरू केलं ते थेट चाळिशीत.

या वयात स्पर्धा कसली, असं तुम्हाला वाटेल. तर मास्टर्स नावाच्या स्पर्धा असतात. त्या पस्तिशीपासून पुढच्यांसाठी. दर पाच वर्षांचा वेगळा गट, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. साठीच्या आजीला विशीच्या पोरीशी झुंजावं लागत नाही.

व्हिटलॉक मॅरेथॉन धावायचे, म्हणजे ४२ किलोमीटरहून थोडं जास्त. १९७९ मध्ये, ४८व्या वर्षी, त्यांना २ तास ३१ मिनिटं लागली. सत्तरी गाठल्यावर त्यांनी ठरवलं की तीन तासांच्या आत पोचायचं. पहिल्यांदा अवघ्या २४ सेकंदांनी हुकलं. मग गुडघा दुखावला. ते थांबले, बरे झाले आणि हळूहळू वेळ वाढवत परत धावू लागले. २००३ मध्ये टोरांटोला, बहात्तराव्या वर्षी, २ तास ५९ मिनिटांत पोचले. सत्तरीनंतर हे करणारे ते जगातले पहिलेच. २०१६ मध्ये, ८५व्या वर्षी, त्यांना ३ तास ५६ मिनिटं लागली. आधीपेक्षा जवळपास एक तास जास्त, तरी त्या वयाचा तोही विक्रमच. पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, ते वारले.

त्यांचा सराव कुठे चालायचा? घराजवळच्या दफनभूमीत! तिथे गाड्या नाहीत, वारा कमी, आणि काही दुखलं तर घर जवळ. तिथेच फेऱ्या मारायच्या, कधी कधी तीन तास. प्रशिक्षक नाही, महागडे बूट नाहीत. बचत गटात आपण दर महिन्याला थोडं थोडं टाकतो, तसंच हे.

"आम्ही दिवसभर राबतोच की, मग वेगळं कशाला?" असं बायका विचारतात. पण कामात एकच खांदा ओढला जातो, कंबर वाकलेली राहते. कामाचा वेगही काम ठरवतं, आपण नाही. ताठ मानेने, हात मोकळे ठेवून, आपल्या चालीने अर्धा तास चालणं ही वेगळी गोष्ट आहे.

जागा साधी निवडा. शाळेचं मैदान, देवळामागचा रस्ता, काहीही चालेल. दोघी-तिघी मिळून जा. सुरुवात दहा मिनिटांनी करा, आठवड्याला थोडी वाढवा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बीपी किंवा साखर असेल, गुडघा सुजत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.

गटाच्या वहीत हजेरी आणि बचतीचे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारी आणखी एक आखा, "किती मिनिटं चालले". शेजारणीचा आकडा बघायचा नाही. आपला मागच्या महिन्याचा बघायचा.