धातूचे कवच आणि घराचे अर्थिंग

नव्या घराच्या भिंतींत विजेच्या तारांबरोबर लॅन केबलही टाकून घेण्याची पद्धत शहरांत आता रुळली आहे, कारण जाड भिंतींच्या आणि अनेक खोल्यांच्या घरात वाय-फाय सगळीकडे सारख्या ताकदीने पोहोचत नाही. दुकानात ही केबल साधी आणि शील्डेड अशा दोन प्रकारांत मिळते. शील्डेड केबलमध्ये तारांभोवती ॲल्युमिनियमचे पातळ फॉइल आणि काही प्रकारांत त्यावर बारीक तारांची विणलेली जाळीही असते. ही केबल जाड, ताठ आणि महाग असते. आणि महाग म्हणजे चांगली, या समजुतीने ती पुष्कळदा घेतली जाते. हे धातूचे कवच काम कसे करते आणि ते जमिनीशी कुठे जोडायचे, हा प्रश्न मात्र बहुधा भिंतीचा गिलावा वाळल्यावर पुढे येतो.

बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून संदेशाचे रक्षण करण्याचे पहिले साधन हे कवच नव्हेच. लॅन केबलमधील आठ तारा दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, आणि ही युक्ती दूरध्वनीच्या आरंभकाळातली आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. जोडीतील एका तारेवरचा विद्युतदाब जेवढा वर जातो तेवढाच दुसरीवरचा खाली येतो, आणि पलीकडचे उपकरण फक्त त्या दोहोंतील फरक वाचते. मिक्सरच्या मोटरमधून किंवा स्वस्त एलईडी दिव्यातून आलेला गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो आणि म्हणून वजाबाकीत नाहीसा होतो. शिवाय प्रत्येक पोर्टच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, जो केबल आणि उपकरणाचे मंडल एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवतो. त्यामुळे कॅट ५ई किंवा कॅट ६ या प्रकारच्या साध्या केबलवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट माहिती विनातक्रार जाते, आणि घरातले अंतर क्वचितच ३०-४० मीटरच्या पुढे जाते.

कवचाची खरी गरज भासते ती वारंवारिता वाढल्यावर. कॅट ६ केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंत आणि कॅट ६ए ५०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. सेकंदाला १० गिगाबिट वेगाला शेजारच्या केबलमधून झिरपणारा संदेशही त्रासदायक ठरतो, आणि कार्यालयांत जेथे शेकडो केबल एकाच ट्रेमधून जातात तेथे प्रत्येकीला कवच असणे उपयोगाचे असते. घरात अशी जुडी नसते. लिफ्टच्या मोटरची खोली भिंतीला लागून असणे, जवळ प्रक्षेपणाचा मनोरा असणे, किंवा लॅन केबल विजेच्या तारांना चिकटून लांबवर न्यावी लागणे, असे काही अपवाद सोडले तर सामान्य घराला शील्डेड केबलवाचून काही अडत नाही. तेवढाच पैसा अस्सल तांब्याच्या साध्या केबलवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे, कारण वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा बाजारात सर्रास विकल्या जातात.

तरीही शील्डेड केबल घेतलीच, तर कवचाने पकडलेल्या गोंगाटाला बाहेर पडण्याची वाट द्यावी लागते. फॉइलला लागून एक उघडी, कथिलाचा मुलामा दिलेली तार केबलभर धावते; ती फॉइल कुठे फाटले तरी कवचाची सलगता टिकवते. हे कवच धातूच्या जॅकला, तो जॅक धातूच्या पॅच पॅनेलला, म्हणजे सगळ्या केबल जेथे एकत्र येतात त्या पट्टीला, आणि ती पट्टी हिरव्या तारेने घराच्या मुख्य अर्थिंगला, अशी ही साखळी असते. तिच्यात एक जरी प्लास्टिकचा जॅक बसला तरी ती तेथेच तुटते. घरगुती राउटर बहुधा प्लास्टिकच्या पेटीचे आणि दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारे असल्यामुळे त्यांच्यात खोचलेले कवच जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. उलट धातूच्या पेटीचा, तीन पिनांचा नेटवर्क स्विच असेल तर त्याच्या पोर्टमधून आणि प्लगमधून ही जोडणी आपोआप होऊ शकते. कवच जॅकला चहूबाजूंनी घट्ट आवळलेले असावे. नुसती शेपटीसारखी तार काढून ती स्क्रूला बांधणे पुरत नाही, कारण सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या तारेचा अडथळा १०० मेगाहर्ट्झला ६० ओहमच्या आसपास जातो, आणि एवढ्या अडथळ्यामागे अडकलेले कवच जमिनीशी जोडलेले आहे असे म्हणणे नाममात्र ठरते.

कवच एका टोकाला जोडावे की दोन्ही, यावर इलेक्ट्रिशियन आणि नेटवर्कची कामे करणारे यांच्यात एकमत नसते, आणि दोघांकडेही आपापले कारण असते. ध्वनियंत्रणेच्या कामात एकाच टोकाची जोडणी रूढ आहे, कारण दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी विद्युतदाबाचा फरक असला तरी कवचातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते. लॅनच्या वारंवारितेला मात्र हा नियम लागू पडत नाही: १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी ३ मीटर असते, त्यामुळे एका टोकाला जमिनीशी जोडलेले कवच थोड्याच अंतरावर शून्य दाबावर राहत नाही. म्हणून नेटवर्कच्या कामात दोन्ही टोके जोडण्याकडे कल असतो, पण दोन्ही टोकांच्या अर्थिंगमधील फरक १ व्होल्टपेक्षा कमी असावा अशी अट त्याला जोडलेली असते. एकाच मीटरवरच्या, एकाच मुख्य बोर्डावरून वायरिंग झालेल्या घरात ही अट सहसा पाळली जाते. जेथे ती पाळली जात नाही तेथे दोष केबलचा नसून वायरिंगचा असतो.

भारतातील घरांत खरी अडचण येथेच आहे. तीन पिनांच्या सॉकेटमधील वरचे मोठे भोक अर्थचे असले तरी जुन्या इमारतींत त्यामागे कधी तारच नसते, आणि कधी ती जवळच्या न्यूट्रलला जोडून दिलेली असते. या दुसऱ्या प्रकारात टेस्टर लावून पाहिले तर सारे ठीक दिसते. पण पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला, तर चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून २३० व्होल्ट त्या अर्थ पिनेवर येतात. तेथून ते फ्रिजच्या पत्र्यावर, आणि त्या पिनेला नेटवर्क स्विच जोडलेला असेल तर केबलच्या कवचामार्फत दुसऱ्या खोलीतील जॅकच्या धातूपर्यंत पोहोचतात. अशा घरात कवच म्हणजे भिंतीतून नेलेली आणखी एक धोक्याची तारच होय. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी या जोडणीमुळे वारंवार ट्रिप होतो, आणि मग जोडणी दुरुस्त करण्याऐवजी आरसीसीबीलाच बगल दिली जाते, हे त्याहून वाईट.

नळाला अर्थिंग जोडण्याची जुनी सवयही आता निरुपयोगी झाली आहे, कारण लोखंडी नळांच्या जागी प्लास्टिकचे नळ आले. संगणकासाठी वेगळा खड्डा खणून त्यात कोळसा-मीठ भरून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे, असा सल्लाही अनेकदा दिला जातो. तो नीट तपासून घ्यावा असा आहे. एकाच घरात एकमेकांशी न जोडलेली दोन अर्थिंगे असली, तर वीज पडल्याच्या वेळी त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक निर्माण होऊ शकतो आणि तो फरक मिटवण्याची वाट नेमकी केबलमधून जाते. नवा खड्डा खणायला हरकत नाही, परंतु तो जुन्या अर्थिंगशी जाड तारेने जोडलेला असलाच पाहिजे. भारतीय मानक आयएस ३०४३ अर्थिंगची इलेक्ट्रोडे व जोडण्या यांविषयी मार्गदर्शन करते आणि काम देताना त्याचा उल्लेख करणे उपयोगी पडते.

फाटकावरचा कॅमेरा, अंगणापलीकडची खोली किंवा शेजारची इमारत यांच्यापर्यंत तांब्याची केबल न्यायची असेल, तर हाच धोका मोठ्या प्रमाणात उभा राहतो. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, आणि वेगवेगळ्या अर्थिंगच्या दोन इमारतींना जोडणारे कवच त्या प्रवाहाला सोयीची वाट देते. तेथे काचेच्या धाग्याची ऑप्टिकल फायबर वापरणे हाच खरा उपाय, कारण ती वीज वाहून नेत नाही. मात्र तिच्यात धातूची आधारतार नसावी.

भिंतीत शील्डेड केबल आधीच गेलेली असेल आणि अर्थिंगवर भरवसा नसेल, तर दोन्ही टोकांचे कवच नीट कापून टेपने झाकावे आणि प्लास्टिकचे जॅक बसवावेत. केबल साध्या केबलसारखी चालत राहते. अर्थिंगची परीक्षा मात्र टेस्टरवर सोडू नये. फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने २३० व्होल्ट दिसले तरी तेवढ्याने अर्थिंग मोठा प्रवाह वाहून नेईल असे सिद्ध होत नाही. घरातील बरीच उपकरणे चालू असताना लांबच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील फरक नेमका शून्य आला, तर सॉकेट उघडून त्यामागे दोन्ही तारा जोडल्या आहेत का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजला जातो आणि तो एप्रिल-मे मध्ये मोजून घ्यावा, कारण तेव्हा माती कोरडी असल्याने रोध सर्वाधिक असतो; जुलैमध्ये घेतलेला आकडा ओल्या मातीमुळे कमी येतो.