मावळतीची सफर आणि वाटाड्याचे इमान

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यात दुपारची फेरी सुरू होते तेव्हा ऊन अजून उतरलेले नसते. मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी उघड्या जिप्सी गाड्यांची रांग लागलेली असते. ओळखपत्रे तपासली जातात, नावे नोंदविली जातात आणि प्रत्येक गाडीत प्रवाशांबरोबर जवळपासच्या गावचा एक मार्गदर्शक चढून बसतो. पुणे-मुंबईहून, नागपूरहून आणि परप्रांतांतूनही आलेली ही मंडळी पुढील तीन-चार तास या माणसाच्या डोळ्यांनी जंगल पाहणार असतात. सूर्यास्ताच्या सुमारास गाडी दाराबाहेर पडलीच पाहिजे, असा दंडक आहे. डिसेंबरात ही वेळ साडेपाचच्या आसपास येते, मे महिन्यात पावणेसातच्या. या फेरीचा सारा रस आणि सारा धोका तिच्या शेवटच्या अर्ध्या तासात साठलेला असतो.

‘सफारी’ हा शब्द इंग्रजीने स्वाहिली भाषेतून उचलला आणि स्वाहिलीने तो अरबी ‘सफर’वरून घेतला. मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळातून आलेली. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून फिरून आलेला हा पाहुणा मराठीचा घरचाच सोयरा आहे. परंतु सफर म्हणजे प्रवास. त्यात कुठे तरी पोहोचणे आले, वाटेत जे भेटेल त्याची दखल घेणे आले. आजच्या सफारीतून ही वाटच नाहीशी होऊ लागली आहे. वाघ दिसला तर फेरी सार्थकी लागली, न दिसला तर पैसे वाया गेले, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब जोवर बदलत नाही, तोवर अरण्यपर्यटनाचे नियम कितीही कडक केले तरी ते कागदावरच राहतील.

संध्याकाळचे अरण्य

दिवस कलू लागला की ताडोबाचे रूप पालटते. दुपारभर बांबूच्या बेटांत निपचित पडलेली चितळे पाण्याकडे निघतात. तळ्याकाठी सुसरी उन्हाचा शेवटचा शेक घेत पडलेल्या असतात. ऐन, धावडा, मोह आणि सागाच्या मधून तिरपे किरण शिरतात, आणि पांढऱ्या सालीचे करूचे झाड त्या उजेडात एकाकी उभे राहिलेले दिसते. ताडोबा तलावाच्या काठी तारू या देवतेचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गोंडांचा पूर्वज आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडले, असे स्थानिक लोक सांगतात. अरण्यातील रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब अजून उभे आहेत. गोंड राजवटीत त्यांचा उपयोग संदेशवहनासाठी होत असे, असे सांगितले जाते. हे सारे पाहण्यासारखे आहे आणि ते रोज हमखास दिसते. तरीही गाड्या त्याच्यापुढून धूळ उडवीत निघून जातात.

जाणता मार्गदर्शक या वेळी गाडी थांबवायला लावतो, इंजिन बंद करायला सांगतो. त्याचे काम आता कानांचे असते. चितळाची तीक्ष्ण हाक, वानराचे खोकल्यासारखे ओरडणे, सांबराचा घोगरा आवाज या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. चितळ बावरट, ते पुष्कळदा फुकाच ओरडते. सांबराने मात्र पुन्हा पुन्हा हाक दिली, तर वाघ किंवा बिबट्या जवळपास हिंडतो आहे असे धरून चालण्यास हरकत नसते. वाघालाही मऊ धुळीची कच्ची वाट झाडोऱ्यापेक्षा सोयीची वाटते. म्हणून पावलांचे ठसे वाटेवरच उमटतात, आणि त्यांच्या कडा अजून धारदार आहेत की वाऱ्याने ढासळल्या आहेत, यावरून तो केव्हा गेला असावा याचा अदमास केला जातो.

ही विद्या शहरातून आलेल्याला पुस्तकातून मिळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले ते तेथील रानात राहून, पायी हिंडून. जून २०२५ मध्ये दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. तरी त्यांच्या ज्ञानाचा मोठा भाग त्यांना रानातल्या माणसांकडून मिळाला, आणि ते ऋण त्यांनी आपल्या लेखनात मोकळेपणाने मान्य केले. गाडीत पुढे बसलेला, खाकी कपड्यांतला अल्पशिक्षित तरुण त्याच परंपरेचा वारस आहे. त्याच्याकडे पाहण्याची प्रवाशांची दृष्टी मात्र बहुधा भाड्याच्या गाडीबरोबर आलेल्या नोकराकडे पाहण्याची असते.

शेवटचा अर्धा तास

परतीची वेळ जवळ आली आणि वाघ दिसलेला नसला, म्हणजे गाडीतील वातावरण बदलते. कोणी घड्याळ पाहतो, कोणी किती खर्च झाला ते ऐकू येईल अशा बेताने बोलतो. समोरून येणाऱ्या गाडीचा चालक हाताने खूण करतो की पलीकडच्या पाणवठ्याजवळ काही तरी आहे. मग गाडी वळते. चार गाड्या आधीच तेथे असतात, आणखी सहा मागून येतात. प्रत्येकाला पुढची जागा हवी असते, आणि दाराशी पोहोचण्याची वेळ तर टळत चाललेली असते. वाघ पाहून झाल्यावर त्याच घाईने गाड्या दाराकडे धावतात. त्या वेळी वाटेवर रातवे येऊन बसलेले असतात, चितळे रस्ता ओलांडीत असतात. जनावरांची चहलपहल जेव्हा सर्वांत अधिक, नेमका तेव्हाच माणसाचा वेग सर्वाधिक होतो.

या घाईचे टोक कोठवर जाते, ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसून आले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे वाटेवर आले असता पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अडविले. त्याची चित्रे सर्वत्र पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक व मार्गदर्शक यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. ती योग्यच होती. परंतु त्या गाड्यांत बसलेल्या प्रवाशांनी आपल्या चालकाला ‘मागे घ्या’ असे म्हटले असते, तर तो प्रसंग तेवढा वाढला असता काय? शिक्षा ज्यांना झाली, त्यांची रोजी त्या फेरीवर अवलंबून होती. ज्यांच्या हट्टापायी किंवा मुक्या संमतीने ते घडले, ती मंडळी वर्षअखेरीची सुटी आटोपून घरी परतली.

नियमांचा अभाव आहे असे मुळीच नाही. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबविले होते. मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतर त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ती बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, वन्य प्राण्यांपासून किमान वीस मीटर अंतर ठेवावे, त्यांना घेरू नये, खाद्य दाखवू नये, असे त्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. ताडोबात डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांना मोबाइल आत नेण्यास मनाई झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या व्याघ्रपर्यटनावर बंदीचा निर्देश दिला. गाडीने आखलेली वाट सोडू नये, हा तर पहिला नियम. वाळवंटात वाट सोडून टेकाडांवर गाडी उडविणे हाच सफरीचा आनंद मानला जातो. अरण्यात वाट न सोडणे हीच सफरीची अट आहे. चारही चाकांना जोर पुरविणारी गाडी येथे खाचखळगे आणि नाले ओलांडण्यासाठी असते; तिने झाडोऱ्यात घुसावे म्हणून नव्हे.

बक्षिसीचे अर्थशास्त्र

नियम असूनही ते मोडतात, याचे कारण मार्गदर्शकाच्या मिळकतीत शोधावे लागेल. त्याला फेरीमागे ठराविक रक्कम मिळते. तिच्यावर जी बक्षिसी मिळते, ती बहुधा वाघावर ठरते. वाघ दिसला तर प्रवासी उदार होतात. न दिसला तर उतरताना नुसते ‘येतो’ म्हणून निघून जातात. त्या माणसाने तीन तास केलेली पारख, दाखविलेले रानकुत्र्यांचे ठसे, अस्वलाने फोडलेले वारूळ, चारही दिशांना लावलेले कान या कशाचीच किंमत होत नाही. ज्याच्यावर त्याचा काडीचाही अधिकार नाही, अशा एका जनावराच्या मर्जीवर त्याची कमाई टांगलेली असते. अशा स्थितीत गाडी थोडी पुढे दामटण्याचा मोह त्याला झाला, तर दोष एकट्या त्याच्या चारित्र्याचा मानता येणार नाही.

तरीही हा मोह आवरणारे अनेक आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वेळ झाली की “आता गाडी वळवा, भाऊ” एवढेच चालकाला सांगणारा, आणि मागून येणारी कुरकुर पाठीवर घेणारा मार्गदर्शक ताडोबाच्या प्रत्येक दारावर भेटतो. “साहेब, वाघानं आपल्याले पाह्यलं असन, आपल्याले तो दिसला नाही, एवढंच,” असे तो हसून सांगतो. या उत्तरात विनोद आहे, तसा अरण्याचा एक नियमही आहे. तेथे माणूस पाहणारा कमी आणि पाहिला जाणारा अधिक असतो.

हे त्याला ठाऊक असते, कारण त्याचे घर त्याच वाघाच्या शेजारी आहे. भारतातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती सरासरी ३,६८२ आली. महाराष्ट्रात याच काळात ती १०३ वरून ४४४ वर गेली. ही यशोगाथा खरी आहे, पण तिचे मोल चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यांनी मोजले आहे. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांतील लोकांनी पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडून बाहेर वस्ती केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये गाभा क्षेत्रात पायी फिरून व्याघ्रगणनेची पाहणी करणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात बळी पडली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. जिप्सीतून वाघ पाहणे हा ज्यांच्यासाठी एका संध्याकाळचा थरार आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्याच संध्याकाळी पलीकडच्या गावात कोणी तरी बाई सरपणाचा भारा घेऊन अजून घरी परतली नाही म्हणून वाट पाहिली जात असते.

वाघाबद्दलची गावकऱ्यांची सहनशीलता टिकून राहावयाची असेल, तर वाघामुळे येणारा पैसा त्यांच्या दारी पोहोचला पाहिजे. मार्गदर्शक, चालक, प्रवेशद्वारावरील कामगार ही कामे स्थानिकांना मिळाली, काही ठिकाणी स्त्रियाही मार्गदर्शक झाल्या, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण जो पैसा येतो तो वाघाला त्रास देऊन मिळविलेला असेल, तर तो फार काळ येणार नाही. सतत गाड्यांनी घेरला जाणारा वाघ एक तर वाट सोडून आत जातो, नाही तर माणसाच्या इतका सवयीचा होतो की गावाच्या कुंपणाशी आला तरी बिचकत नाही. दोन्ही परिणाम शेवटी गावालाच भोगावे लागतात.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. मार्गदर्शकाचे मूळ मानधन एवढे असावे की, बक्षिसी त्याच्या चुलीचा आधार राहू नये. बक्षिसी द्यावयाचीच तर ती दारावरील सामायिक पेटीत टाकावी व सर्वांत वाटली जावी. म्हणजे ज्याच्या फेरीत वाघ आला नाही त्याच्यावर अन्याय होणार नाही. पक्षी, वृक्ष, कीटक आणि स्थानिक इतिहास यांचे शिक्षण त्याला नियमित मिळावे आणि त्यात प्रावीण्य दाखविणाऱ्याला वरचा दर्जा व वरचे मानधन असावे. परतीचा प्रवास वेळ संपण्याच्या अर्धा तास आधी सुरू व्हावा, आणि त्या अर्ध्या तासात कोणत्याही गाडीला मागे वळण्याची मुभा नसावी. नियमभंग झाल्यास दंड प्रवाशांवरही बसावा; त्यांना काही काळ प्रवेश नाकारण्याची तरतूद असावी. ‘वाघाचे हमखास दर्शन’ अशा जाहिराती करून गिऱ्हाईक ओढणाऱ्यांना वनखात्याने जाब विचारावा.

यांपैकी बऱ्याच गोष्टी शासनाच्या हातच्या आहेत. एक गोष्ट मात्र केवळ प्रवाशाच्या हातची आहे. दाराबाहेर पडल्यावर बहुतेक गाड्यांत एकच प्रश्न विचारला जातो, “दिसला का?” ज्या दिवशी त्याऐवजी “काय काय पाहिले?” असे विचारले जाईल, त्या दिवशी मार्गदर्शकाच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरेल.

काळोख पडतो. शेवटची जिप्सी दारातून बाहेर येते, फाटक लावले जाते, नोंदवहीत वेळ लिहिली जाते. प्रवासी आपापल्या मुक्कामाकडे निघतात. मार्गदर्शक सायकल किंवा मोटारसायकल काढून, ज्या जंगलातून नुकताच बाहेर पडला त्याच जंगलाच्या कडेने आपल्या गावी जातो. त्या वाटेवर त्याच्यासोबत कोणी वाटाड्या नसतो. वाघ दिसू नये, अशीच त्याची तेथे इच्छा असते.