वसईतील आडनावे आणि फिदाल्गो-वंशाची आख्यायिका

वसईकडील काही ख्रिस्ती घराण्यांत, आपला मूळपुरुष पोर्तुगीज फिदाल्गो, म्हणजे उमराव होता, अशी आख्यायिका आढळते. तीस आधार बहुधा आडनावाचा; आणि तोच सर्वांत लटका. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेणाऱ्यास अनेकदा धर्मपित्याचे वा पाद्रीचे आडनाव मिळे. ‘कुपारी’ हा समाजवाचक शब्ददेखील धर्मपित्याच्या नात्याचा वाचक असलेल्या पोर्तुगीज शब्दापासून आला, असे मानतात. चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर बहुतेक उमराव निघून गेले. आडनावे मागे राहिली. सबब संशोधकाने फिदाल्गोपासून खाली न उतरता, ज्ञात आजोबांपासून चर्चच्या नोंदवह्यांतून एकेक पिढी वर चढावे. घरात धर्मांतरापूर्वीचे कुलनाव टिकले असल्यास (वृद्ध स्त्रियांना ते पुष्कळदा ठाऊक असते) ते प्रथम टिपावे. आख्यायिकेने झाकलेला खरा पूर्वज तेथेच सापडण्याचा संभव अधिक.