लोणार : येणारे पाणी परत जात नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटकोपरहून अकोल्याला निघालो होतो. समृद्धी महामार्गावर मेहकरची पाटी दिसताच अब्बा म्हणाले, "गाडी इथे उतरव. लोणार बघून जाऊ. लहानपणी वडिलांचं बोट धरून आलो होतो." वाकडी वाट पंचवीसेक किलोमीटरची होती.

काठावरून खाली पाहिले आणि मुलांची भांडणे थांबली. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, तळाशी हिरवट पाणी. आकाशातून आलेला अशनी काळ्या बेसाल्ट खडकावर आदळून हे विवर तयार झाले.

अब्बांचे गुडघे उतरू देईनात. ते वरच सावलीत बसले. मी आणि लेक खाली गेलो. पाण्यात बोटे बुडवून ती ओरडली, "अम्मी, साबणासारखं बुळबुळीत!" ते खरेच होते. इथला खार साबण आणि काचेसाठी उपयोगी पडतो, अशी नोंद अबुल फजलने अकबराच्या काळात 'आइन-ए-अकबरी'त केली आहे.

"झऱ्यांचं गोडं पाणी येतं, मग तळं खारट कसं?"

"पातेल्यातलं मिठाचं पाणी आटलं, तर काय उरतं?"

"मीठ."

"तसंच. इथून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, खडकांतून आलेले क्षार मागे राहतात."

या खारट पाण्यातही जीवसृष्टी आहे. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत त्यामागे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. त्याच वर्षी लोणारला 'रामसर' पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. मात्र गावाचे सांडपाणी आणि जास्तीचे गोडे पाणी आत येत राहिले, तर हा खारटपणाच कमी होईल आणि त्यावर जगणारे जीवही जातील. वाट नसलेल्या तळ्यात आपण टाकू ते तिथेच राहते.

लेकीने बाटली भरायला काढली होती, ती तशीच परत ठेवली. रुमाल मात्र भिजवून घेतला. वर आल्यावर तो नानांच्या हातात दिला. त्यांनी बोटांवर चोळून पाहिला आणि हसले, "तसंच आहे गं!"

तिच्या नातवंडांनाही असेच म्हणता यावे. निघताना मुलांनी खाऊची रिकामी पाकिटे न सांगता उचलून गाडीत ठेवली.