पेशींचा कारभार (९) : पपनसाने काढलेला विषय

आज इन्शुलिनवर लिहायचं कबूल केलं होतं. टिपणंही काढून ठेवली होती. पण मंगळवारी फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि टिपणं टेबलावरच राहिली. त्यांच्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी आईची किडनी बसवली. तेव्हापासून रोज बारा तासांच्या अंतराने टॅक्रोलिमस चालू आहे. चतुर्थीला माटोळीला बांधलेलं पपनस सोडताना घरात आठवण झाली की याला डॉक्टरांनी ते बंद केलंय. पत्रात विचारलंय, ‘यामागे तुमचं फॉस्फेटेज आहे का हो?’

पपनसापुरतं उत्तर सोपं आहे : नाही. पपनस आणि त्याचं भावंड ग्रेपफ्रूट यांच्यातली काही रसायनं आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात. गोळीचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकणं हे त्या विकराचं काम. ते थांबलं की नेहमीच्याच गोळीने रक्तातली पातळी चढते. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन जी ‘टॅक्रो लेव्हल’ काढतात, ती यासाठीच डोळ्यांत तेल घालून बघायची असते.

पण ती गोळी मुळात शरीरात करते काय, हे विचाराल तर फॉस्फेटेजशिवाय उत्तरच नाही. आणि ते देताना मला गेल्या आठवड्यातला एक शब्द मागे घ्यावा लागणार आहे. फॉस्फेटेजला मी डस्टर म्हटलं होतं : कायनेज प्रथिनांवर फॉस्फेट लिहितं, हे ते पुसतं. टी पेशीच्या बाबतीत ही उपमा साफ आपटते.

टी पेशीला परका ऐवज दिसला की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी कॅल्सिन्यूरिनला जागं करते. कॅल्सिन्यूरिन हे आपलं आजचं फॉस्फेटेज. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे एनएफएटी नावाचं प्रथिन. ते अंगावर डझनभर फॉस्फेट वागवत केंद्रकाबाहेर बसून असतं. केंद्रकात शिरायची किल्ली त्याच्यापाशीच असते, पण कनवटीला खोचल्यासारखी घडीत दडलेली. कॅल्सिन्यूरिन फॉस्फेट उतरवतं, घडी उलगडते, किल्ली वर येते. एनएफएटी आत जाऊन इंटरल्यूकिन-२ चं जनुक चालू करायला हातभार लावतं आणि टी पेशींची फौज वाढू लागते. कॅल्शियम ओसरलं की कायनेज पुन्हा फॉस्फेट चढवतात आणि एनएफएटीची रवानगी बाहेर होते. म्हणजे इथे फॉस्फेट चढवणं हा लगाम आहे आणि उतरवणं ही आज्ञा. पुसलेली पाटी इथे कोरी नसते. पुसल्यावरच तिच्यावरचा हुकूम वाचता येतो.

रोपण केलेली किडनी टी पेशींच्या लेखी परकीच. ती टिकवायची तर ही आज्ञा अडवायला हवी. गंमत अशी की अडवणारी औषधं आधी सापडली आणि ती नेमकं काय अडवतात हे मागाहून कळलं. सँडोझ कंपनीतले लोक सुट्टीवर जाताना मातीचे नमुने आणायला पिशव्या नेत. १९६९ साली नॉर्वेतल्या हार्डांगरविडाच्या पठारावरून आलेल्या मातीतल्या बुरशीने सायक्लोस्पोरिन दिलं. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. दोघांची रचना एकमेकींशी मुळीच जुळत नाही. पेशीत ती चिकटतात ती प्रथिनंही वेगळी. तरी परिणाम एकच. हे कसं?

या कोड्यावर काही वर्षं डोकेफोड झाली. १९९१ साली हार्वर्डमधल्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेत जुन लिऊ यांनी गळ टाकला. आमिष होतं टॅक्रोलिमस आणि त्याचं जोडीदार प्रथिन. वासराच्या मेंदूच्या आणि थायमसच्या अर्कातून गळाला लागलं कॅल्सिन्यूरिन. नुसत्या औषधाला नाही, नुसत्या प्रथिनालाही नाही, दोघांच्या जोडीलाच लागलं. सायक्लोस्पोरिनच्या जोडीनेही तोच मासा पकडला.

मला या शोधातला सर्वांत आवडता भाग वेगळाच आहे. फॉस्फेटेज मोजायला आम्ही एक बिनरंगी रसायन वापरतो. त्याचा फॉस्फेट सुटला की नळी हळदीसारखी पिवळी होते. औषधाने कॅल्सिन्यूरिन बंद पडलं म्हणजे पिवळेपणा थांबायला हवा ना? उलट तो वाढला! कारण औषधाची जोडी विकराच्या कात्रीत बसतच नाही. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लावावा तशी ती बाजूला उभी राहते. सायकलवाला सहज जातो, ट्रक अडतो. छोटा रेणू आत शिरतो, एनएफएटीसारखं दांडगं प्रथिन बाहेरच खोळंबतं.

कॅल्सिन्यूरिन पहिल्यांदा हाती आलं ते मेंदूतून. १९७९ साली क्लॉड क्ली यांनी त्याचं बारसं केलं ते त्या नात्यानेच; नावातलं ‘न्यूरिन’ तिथलं. ते फॉस्फेटेज आहे हे कळायला १९८२ उजाडलं. आणि मेंदूत ते भरपूर असल्यामुळेच पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे माझं लक्ष गेलं : ‘भावाचा हात हल्ली कापतो, चहा बशीत सांडतो.’ टॅक्रोलिमसचा हा ओळखीचा उपद्रव आहे. गोळीला टी पेशी आणि चेतापेशी यांतला भेद कळत नाही. कॅल्सिन्यूरिन दिसेल तिथे ती टेम्पो लावते. किडनीच्या रक्तवाहिन्या आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीही त्यातून सुटत नाहीत. म्हणून थरथर डॉक्टरांच्या कानावर घाला, पण स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका.

शेवटी इन्शुलिन आलंच, पण दारापर्यंतच. त्याला आत घेऊ पुढच्या आठवड्यात. आणि माटोळीचं पपनस वाया घालवू नका. भाऊ सोडून बाकीच्यांनी वाटून खा.