तीन नॅनोमीटरची खिडकी

दोन इंच व्यासाची गोल काच. हातात धरली तर आरशासारखी चमकते, कारण अंगावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश ती परत पाठवते. आत सोडते तो वर्णपटातला जेमतेम तीन नॅनोमीटर रुंदीचा एक पट्टा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरमध्ये पसरलेला असतो, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव भाग दाराबाहेर. आकाशातल्या तेजोमेघांचे फोटो काढणारी हौशी मंडळी हिला नॅरोबँड फिल्टर म्हणतात आणि तीन चांगल्या फिल्टरांसाठी एका छोट्या दुर्बिणीएवढे पैसे मोजतात.

एवढा प्रकाश फेकून देऊन हाती काय लागते? तेजोमेघाचा बराचसा उजेड मोजक्या रेषांतच एकवटलेला असतो, त्यात याचे उत्तर आहे. जवळच्या तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण वायूतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन परत येऊन पायरीपायरीने खाली उतरताना 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. ही हायड्रोजन-अल्फा रेषा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन 500.7 आणि 495.9 ला हिरवट निळा चमकतो, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेले गंधक 671.6 आणि 673.1 ला गडद लाल. रस्त्यावरच्या एलईडीचा किंवा चंद्राचा उजेड मात्र सगळ्या वर्णपटावर पसरलेला. तीन नॅनोमीटरच्या खिडकीतून त्याचा शंभरावा हिस्सा आत येतो आणि तेजोमेघाची रेषा जवळजवळ पूर्ण येते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर वायूचे पदर उठून दिसतात ते यामुळे.

यातल्या ऑक्सिजनच्या रेषेशी पुण्याचा जुना संबंध आहे. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा त्याला ही हिरवी रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. नॉर्मन लॉकियरचे म्हणणे वेगळे होते. ही रेषा मॅग्नेशियमच्या पसरट पट्ट्याची कड आहे, असे तो सांगे. त्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून उभी राहिलेली वेधशाळा होती आणि तिथे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला वीस इंची परावर्तक दुर्बीण चालवत होते. त्यांनी मृगातल्या तेजोमेघाची ही रेषा तपासली आणि ती प्रत्येक मांडणीत बारीक व रेखीवच दिसते, असे 1891 मध्ये प्रसिद्ध केले. लॉकियरच्या मताच्या हे थेट विरुद्ध होते. खरा उलगडा 1927 मध्ये आयरा बोवेनने केला. हा ऑक्सिजनच, पण इतक्या विरळ वायूतला की अणूंना एकमेकांवर न आदळता निवांत चमकायला वेळ मिळतो. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत तो मिळत नाही, म्हणून रेषा ओळखीची वाटत नव्हती. आज तीन नॅनोमीटरचा फिल्टर उपयोगी पडतो तो रेषेच्या त्याच बारीकपणामुळे. नायगमवालांचे नाव आपल्या हौशी खगोलप्रेमींच्या तोंडी फार कमी येते, याची मला खंत वाटते. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकला होता. वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

आता असे फोटो काढायला साजेशा अंधाऱ्या आकाशाच्या एका गावाकडे, मुडबीकडे, येऊ. बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले, कलबुर्गीच्या सीमेकडचे हे गाव. हा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच संस्थानाच्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी आठ इंची ॲस्ट्रोग्राफने आकाशाचे नेमून दिलेले पट्टे टिपले होते. त्या काळच्या फोटोच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत, 656 चा लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. गंमत अशी की आजच्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातही संवेदकापुढची काच हा लाल बराचसा अडवते. म्हणून मंडळी ती काच काढून घेतात किंवा थंड करता येणारा कृष्णधवल खगोल-कॅमेरा वापरतात.

मुडबीचा अक्षांश जेमतेम अठरा अंश. ध्रुवतारा तेवढाच वर, पण दक्षिणेचे आकाश भरभरून मिळते. धनू राशीतला लगून तेजोमेघ जर्मनीतून क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळतो, इथे तो अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या मध्यरात्री व्हेला तारकासमूहातल्या महास्फोटाचे अवशेष पंचवीस अंशांच्या वर येतात. त्यांतले ऑक्सिजनचे धागे या फिल्टरसाठीच आहेत असे वाटावे. दक्षिणेला कलबुर्गी शहराचा उजेड आहे, तेव्हा खालच्या आकाशासाठी फिल्टर हवाच. मृग, रोझेट, कॅलिफोर्निया हे तेजोमेघ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावेत. हबल अवकाश दुर्बिणीच्या 1995 च्या फोटोमुळे गाजलेले गरुड तेजोमेघातले स्तंभ मध्यरात्री सर्वांत उंच चढतात ते पावसाळ्यात, म्हणून ते एप्रिल-मेच्या पहाटेच साधावे लागतात. तेव्हा हवाच इतकी तापलेली असते की कॅमेऱ्याचा संवेदक हवा तितका थंड होत नाही आणि फोटोत दाणे वाढतात. हबलच्या त्या फोटोत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. हौशी मंडळींनी तीच रीत उचलली. ते रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत, पण कुठला वायू कुठे आहे हे त्यांतून कळते, म्हणून मला ती रीत पटते.

फिल्टरची काच बनते ती निर्वात पेटीत. जास्त आणि कमी अपवर्तनांकाच्या ऑक्साइडांचे डझनावारी थर एकावर एक चढवतात. थरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात किंवा बळ देतात आणि त्यातून हवी तेवढी खिडकी उरते. प्रकाश तिरका आला की ती निळ्याकडे सरकते. म्हणून एफ-2 सारख्या वेगवान दुर्बिणीला साधा तीन नॅनोमीटरचा फिल्टर लावला तर रेषाच खिडकीबाहेर जायची भीती, त्यासाठी मुद्दाम सरकवलेले फिल्टर घ्यावे लागतात. प्रकाश कमी म्हणून एकेक फोटो पाच-दहा मिनिटांचा आणि एका तेजोमेघासाठी कित्येक तास. दुर्बिणीचे माऊंट डळमळीत असेल तर फिल्टरवरचे पैसे वाया. चांदण्या रात्री हायड्रोजन घ्यावा, ऑक्सिजन अमावस्येसाठी राखावा, कारण चंद्रप्रकाश निळ्या-हिरव्या भागात जास्त विखुरतो.

या चिकाटीचे फळ केवढे असू शकते ते 2022 मध्ये दिसले. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी छायाचित्रकारांना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात चमकणारी एक प्रचंड कमान सापडली. देवयानीचे फोटो शतकाहून अधिक काळ निघत आले होते. कमान दिसली ती फक्त ऑक्सिजनच्या फिल्टरने, शंभराहून अधिक तासांच्या फोटोंतून.

तरीही फिल्टर घेतला की अंधाराची गरज संपली, हा समज मला घातक वाटतो. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, खुद्द देवयानीतले तारे, आकाशगंगेतले धुळीचे काळे पट्टे यांचा सगळा खेळ ताऱ्यांच्या वर्णपटभर पसरलेल्या प्रकाशाचा आहे. फिल्टर शहराच्या उजेडासोबत त्यालाही कापून टाकतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून रोझेट मिळेल, कृत्तिकांची धूळ मिळणार नाही. तिच्यासाठी मुडबीसारखेच गाव लागते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सीमाभागातल्या गावांना एवढ्या मोठ्या मान्यतेची वाट पाहायची गरज नाही. ग्रामपंचायतींनी नवे एलईडी दिवे बसवताना ते वरून झाकलेले, पिवळसर आणि गरजेपुरत्या उजेडाचे घ्यावेत. रस्त्यावर उजेड पडेलच, शिवाय वीजही वाचेल.