विश्लेषण : विमानाला आकाशात हादरे का बसतात? धोका नेमका कोणाला?

करमाळा तालुक्यातील केमच्या रहिवाशांसाठी मुंबई म्हणजे आजवर रेल्वे किंवा एसटीचा प्रवास. सोलापूर विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्यासाठी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांच्या मनात मात्र १२ जून २०२५ ची अहमदाबाद दुर्घटना ताजी आहे. विमानातील २४२ पैकी २४१ जण त्यात दगावले. त्यामुळे साधा हादरा बसला तरी छातीत धस्स होते. ही भीती कितपत खरी?

हादरे कशामुळे बसतात?

उन्हाळ्यात दुपारी उघड्या रानात वावटळ उठते, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते. अशीच वर चढणारी हवा विमानालाही धक्के देते. वळिवाच्या ढगांत हे प्रवाह फार जोरदार असतात. ढग नसतानाही सुमारे १० किलोमीटर उंचीवरील वेगवान वाऱ्यांच्या कडेला हवा घुसळली जाते. विमानाचे रडार ढगांतील पाण्याचे थेंब टिपते, निरभ्र हवेतील खळबळ त्याला दिसत नाही. म्हणूनच काही हादरे पूर्वसूचना न देता येतात.

हादऱ्यांनी विमान कोसळते का?

उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलेल, अशीच विमानाची रचना करावी लागते. पंख लवताना दिसतात, ते मोडू नयेत म्हणूनच. हादऱ्यांनी प्रवासी विमान तुटणे अत्यंत दुर्मीळ आहे. १९६६ मध्ये जपानच्या फुजी पर्वताजवळ असे घडले, त्यात १२४ जणांचा मृत्यू झाला. अहमदाबादचे कारण वेगळे होते. प्राथमिक अहवालानुसार तेथे उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाला होता.

मग धोका कोणाला?

पट्टा न बांधलेल्यांना. विमान झटक्यात खाली जाते, पण मोकळे शरीर जागीच राहते आणि डोके छतावर आपटते. १ मे २०२२ रोजी मुंबईहून पश्चिम बंगालमधील अंडालला जाणारे स्पाइसजेटचे विमान उतरताना तीव्र हादऱ्यांत सापडले. अनेक प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले. त्यांपैकी एका प्रवाशाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी लंडन-सिंगापूर विमानातही एक प्रवासी दगावला. तपासात आढळले, की ते विमान पाचेक सेकंदांत १७८ फूट खाली आले होते. इतक्या वेळात पट्टा शोधून बांधणे शक्य नसते.

प्रवाशांनी काय करावे?

बसल्या जागी पट्टा कायम बांधलेला ठेवावा, दिवा विझला तरी आणि झोपतानाही. तो पोटावर नव्हे, खाली कमरेवर घट्ट असावा. मांडीवर तान्हे मूल असेल तर त्याच्यासाठीचा वेगळा पट्टा कर्मचाऱ्यांकडून मागून घ्यावा. त्यात संकोच नको. जड वस्तू मांडीवर ठेवू नयेत. हादरे सुरू झाल्यावर उभे असाल, तर जवळच्या रिकाम्या आसनावर लगेच बसावे.

हादरा केव्हा येईल, हे वैमानिकालाही दर वेळी सांगता येत नाही. पट्टा मात्र आपल्या हातात असतो.